दारावरून पळत गेलेली सून

मुरबाड,
मार्गशीर्ष लागायच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप बारकूदाजी यांना धाकटा मेव्हणा हरेश याचा मुरबाडहून वाकून नमस्कार. (कमरेचा पट्टा सुटल्यापासून मला पुन्हा वाकता येतं आणि पहिला नमस्कार तुम्हालाच घालतोय, हे ध्यानात घ्यावं.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आता भिंतीवरच्या पालीची शेपटीसुद्धा तुम्हाला दिसते, असं ऋतिक सांगत होता. ऐकून जिवाला बरं वाटलं. कल्याणला मितालीच्या घरी तुम्ही कंटाळला असाल हे मी जाणतो. लेकीचं घर झालं म्हणून काय, तिसऱ्या मजल्यावर माणसाने बघायचं काय आणि थुंकायचं कुठे? (तंबाखू सोडली असेल तर हे वाक्य गाळून वाचावं.) मी तुम्हाला कितीतरी फोन केले. मिताली म्हणते बाबा झोपलेत, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. म्हणून शेवटी कागद घेतला. ऋतिक रोज कामाला कल्याणला येतोच, तो तुमच्या हातात देईल.

तुमचा राग मला ठाऊक आहे. तुमचा निरोप पोचला, की ऋतिकचं लग्न ठरल्या तारखेला, मार्गशीर्षातच लागणार, आणि होणाऱ्या सुनेने, म्हणजे समीक्षाने, आता पळणं-बिळणं बंद करायचं. भुवनेश्वरला जायचं नावसुद्धा काढायचं नाही. अडचण अशी आहे की देशातल्या सगळ्या विद्यापीठांची क्रॉस कंट्रीची शर्यत नेमकी तुमच्या हळदीच्या दिवशी आलीय. ती तारीख मी काढली नाही. (ते लोक आपल्या भटजींना विचारत नाहीत.) समीक्षाचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, यंदा चुकली की संपलं. आणि तिचा प्रशिक्षक म्हणून मीही तिकडेच. म्हणजे इकडे नवरी नाही आणि नवऱ्यामुलाच्या पाठीशी उभा राहायला मामाही नाही. नुसता अंतरपाट धरून लग्न लागत असेल तर माझी हरकत नाही. पण ते पुढे बोलू. आधी त्या दिवशी गावात काय झालं ते नीट ऐका, कारण तुम्ही दवाखान्यात होता आणि गावातल्या प्रत्येकाने तुम्हाला फोनवरून आपापली हकीकत पुरवलीय.

दाजी, माझ्या नोकरीबद्दल तुमचं मत पहिल्यापासून काय आहे ते मी विसरलेलो नाही. माझ्या नेमणुकीचा पेढा तोंडात असतानाच तुम्ही म्हणाला होता, पळायला काय शिकवायचं, कुत्रं मागं लागलं की कोणबी पळतो. धसईच्या लग्नात तर तुम्ही माझी ओळख करून दिलीत की हा माझा मेव्हणा, कॉलेजातल्या मुली पळवतो. (एका गृहस्थांनी आपली मुलगी हळूच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेली, मी बघितलं.) मी लागलो तेव्हा मैदान म्हणून जे दाखवलं त्यात अर्ध्यात म्हशी बसायच्या आणि अर्ध्यात लग्नाचे मांडव पडायचे. माझी पोरं म्हशींना वळसा घालून आणि मांडवाच्या दोरांवरून उड्या मारून तयार झाली. अडथळ्यांच्या शर्यतीतलं आमचं पहिलं पदक असं आलं. साहित्य मागितलं तर कार्यालयाने एक शिट्टी दिली, तीही आधीच्या सरांनी वाजवून वाजवून बसवलेली. आज त्याच कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत काचेचं कपाट आहे, ढालींनी भरलेलं, आणि जागा नाही म्हणून दोन चषक क्लार्कच्या टेबलावर पेनं ठेवायला गेलेत. मुरबाडची पोरं आली म्हटलं की शहरातली पोरं बुटांच्या नाड्या सोडून परत बांधतात. हे मी फुशारकीने सांगत नाही. (सांगतोय, पण खरं आहे म्हणून सांगतोय.)

आता पळणारं माणूस मी निवडतो कसं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असता. टोकावड्याला जाणारी किशोरची जीप आहे. किशोर माझा वर्गमित्र. संध्याकाळी त्याने जीप थांब्यावर थांबवायची नाही, जरा पुढे नेऊन हळू करायची, एवढं आमचं ठरलेलं. मी समोरच्या टपरीवर चहा घेत बघत बसतो. शिव्या देत पळतो तो मी घेत नाही, त्याचा सगळा दम शिव्यांत जातो. गप पळतो तो आपला. एका संध्याकाळी एक पोरगी डोक्यावर पेंडीची गोणी घेऊन पळत आली, जीप गाठली, गोणी टपावर टाकली, मग मागे राहिलेल्या आजीची रस्त्यात सुटलेली चप्पल आणायला उलटी पळाली, आजीला चप्पल घातली आणि जीप परत गाठून किशोरला थांबवलं. तोंडातून शब्द नाही. मी चहा तसाच ठेवून उठलो. ती समीक्षा. (पुढे हीच मुलगी मी ऋतिकसाठी सुचवली तेव्हा तुम्ही विचारलंत, कामाला कशी आहे. मी पेंडीच्या गोणीचं सांगितलं आणि तुम्ही लगेच हो म्हणालात. पळण्याचं तेव्हाच सांगितलं होतं, तुमचं लक्ष गोणीवर होतं.)

तर यंदा विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन शर्यत भरवायचा मान आमच्या कॉलेजला दिला. मुरबाडच्या बाजूला रस्त्यांची कामं चाललेली, सगळीकडे धुरळा. मी म्हटलं, किन्हवलीच्या पुढे माझ्या बहिणीचं गाव आहे, भात कापून झालंय, खाचरं मोकळी आहेत, माळ आहे, ओढा आहे, आणि मुख्य म्हणजे मधोमध ताईचं घर आहे, पंचांच्या चहाची सोय झाली. मार्ग मी स्वतः आखला. माळावरून, वेशीतून आत, आपल्या आळीतून बाहेर, मग ओढा, बांध आणि खळं. असा मार्ग कुठल्या शहराच्या कॉलेजला जन्मात आखता येणार नाही. फक्त माझं एक वाक्य सांगायचं राहिलं. ताईला मी फोनवर एवढंच म्हणालो की रविवारी सकाळी समीक्षा तुमच्या दारावरून जाणार आहे. शर्यतीत मधे थांबत नसतात, हेही सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही. साखरपुडा झालेली सून पहिल्यांदा गावात पाऊल टाकणार, तेही दारावरून जाणार, हे ऐकल्यावर आपल्या घरातली बाई काय करील ते तुम्हीच सांगा. ताईने आळीत सांगावा धाडला.

शर्यत सुटली. मी किशोरच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजूच्या गाडीवाटेने बरोबर चाललो होतो. माळ संपेपर्यंत समीक्षा सगळ्यांच्या पुढे, मागच्या पोरींचा नुसता धुरळा दिसतोय, आणि मी किशोरच्या पाठीवर थापा मारतोय. वेशीत वळलो आणि बघतो तर काय, अख्खी आळी रस्त्यात. शेणाचा सडा, रांगोळी, मधे पाट, आणि पाटासमोर ताई निरांजनाचं ताट घेऊन. दाजी, मी ओरडलो. थांबू नको म्हणून ओरडलो, ताई सोड म्हणून ओरडलो. पण समोर सासू उभी असताना कुठली पोरगी मास्तरचं ऐकते? समीक्षा पाटावर चढली. ताईने पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मग ओटी भरायची तर पदर कुठे आहे, अंगात बनियन आणि अर्धी चड्डी. ताईने भाताच्या झोडणीच्या वेळी खांद्यावर असतो तो टॉवेल काढला, तिच्या कमरेला बांधला आणि त्यात तांदूळ आणि नारळ घातला. पोरीने ताईच्या पाया पडून पळायला पाय उचलला तर बाजूला म्हाताऱ्या रांगेने उभ्या. एकीच्या पाया पडली आणि दुसरीच्या नाही, असं करून चालतं का? सगळ्यांच्या पडली. तिसऱ्या म्हातारीने तर विचारपूसही सुरू केली, कुणाची गो तू, आजोळ कुठलं तुझं.

तेवढ्यात मागच्या पोरी आल्या. मी म्हटलं, हरेशराव, गेली ढाल, गेलं भुवनेश्वर, आणि बहिणीच्याच हाताने गेलं. पण दाजी, आपल्या गावाला नावं ठेवणाऱ्याचं तोंड बघू नये. ताईने त्या पोरींकडे बघितलं आणि मागे वळून बायांना म्हणाली, "आपलीला कुंकू लावलं नि या लेकीबाळी कोरड्या जातील गो दारावरनं, बरं दिसतं का ते?" झालं. बाया पुढे सरसावल्या. हळदीकुंकू, हातावर गूळ-खोबरं, आणि एकही पोरगी न घेता गेली नाही, कारण त्याही आपल्यासारख्या घरच्याच, कुंकवाचं बोट पुढे आलं की मान आपोआप खाली जाते. साठ-सत्तर पोरींची आळीत ही दाटी. कुणाला पंक्तिभेद नाही. कल्याणकडच्या एका मोठ्या कॉलेजची पोरगी, दुसऱ्या नंबरवर असलेली, तिने तर गूळ परत मागून घेतला.

सगळ्यात आधी मोकळी झाली ती समीक्षा, आणि कमरेला नारळ बांधलेल्या अवस्थेत ती जी सुटली ती ओढा, बांध, खळं ओलांडून शेवटच्या दोरीपर्यंत कुणाला दिसली नाही. नारळ एका हाताने धरलेला, तांदळाचा दाणा सांडला नाही. (दोन-चार सांडले असतील.) आता गावात जे पसरलंय, की सकुबाई, म्हणजे आपली ताई, लुगड्याचा काचा मारून पोरीपुढे धावत गेली, ते साफ खोटं आहे. ताई आळीच्या टोकापर्यंत चार पावलं भरभर चालली, खण द्यायचा राहिला होता म्हणून. तुमच्या घरच्या बाईने गावासमोर धावावं, हे माझ्यासमोर मी होऊ देईन का?

मग तक्रार आली. त्या मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक, गळ्यात दोन घड्याळं, म्हणाले मार्गात अडथळा आणला, शर्यत रद्द करा. मुख्य पंच म्हातारे गृहस्थ. त्यांच्या कपाळावरही कुंकू होतं आणि खिशात खोबरं. त्यांनी विचारलं, अडवलं कुणाला? सगळ्यांना. जास्त वेळ कुणाला? मुरबाडच्या मुलीला. मग तक्रार मुरबाडने करायची, तुम्ही कसली करता? मी उभा राहिलो आणि मोठ्या मनाने सांगितलं, की आमची तक्रार नाही. दाजी, असं वाक्य बोलायला मिळावं म्हणून माणूस नोकरी करतो. वैयक्तिक पहिला नंबर आपला, सांघिक ढाल आपली, विद्यापीठाच्या संघात पहिलं नाव समीक्षाचं. ती ढाल घेऊन समीक्षा आधी ताईकडे गेली, माझ्याकडे नंतर आली. मला रडू आलं. मी ते धुरळ्यावर ढकललं, पण तुम्हाला खरं सांगतो, आलं.

परतीच्या वाटेवर पोरगी मला म्हणाली, "सर, लग्न मोडलं तर मोडू दे, असं मी नाय म्हणणार. ऋतिक मला आवडतो. पण भुवनेश्वरबी पायजे." मी एवढी वर्षं पोरांना सांगत आलो की दमलास तर थांब. हिला काय सांगू? ती दमलेली नाही. उद्या तुमच्या घरात येईल, तेव्हा तिच्या मनात हे राहिलेलं असावं असं तुम्हालाही वाटत नसणार. तुम्ही तोंडाने तिखट आहात, दाजी, मनाने नाही.

बाकी सर्व ठीक. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. मितालीला आणि जावईबापूंना नमस्कार, नातवाच्या गालाचा पापा.

तुमचा,
हरेश

ता. क. – मार्गशीर्षातली तारीख मोडून माघातली धरावी, एवढीच विनंती. पौषात लग्न नाही, म्हणजे महिनाभर जास्त थांबायचं. ऋतिकला विचारलं, तो म्हणाला मला चालेल, बाबांना तुम्ही विचारा. तर विचारलं.

ता. क. २ – लिहायचं टाळत होतो, पण लिहितो. मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस व्यवस्थापक म्हणून जावंच लागतं. आमच्या कॉलेजच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्या दिवशी साठ-सत्तर पोरींना रांगेत उभं करून गप करताना ताईला विद्यापीठाच्या लोकांनी बघितलं होतं. त्यांनी तिचंच नाव घातलं. परवानगी तुमची लागेल, तेव्हा शांत डोक्याने विचार करावा. मी अजून ताईला काही बोललेलो नाही.

ता. क. ३ (वेगळ्या अक्षरात) – ऋतिकनं पत्र आधी घरी आणलं, ते मी वाचलं. हरेश तुमाला भिऊन लिवतो. मला त्यानं कधीच सांगितलंय नि माझी पिशवी भरून झाली. भटजींकडं मी सोता जाऊन आले, माघातली तारीख निघाली, पोरीच्या घरीबी कळवलं. पोरीला सांगितलं, लग्नानंतरबी पळ, घरात कोण काय बोललं तर माझ्याकडं ये. नि मी चार पावलं चालले नाय. समीक्षा पुढची वाट चुकंल म्हणून मी ओढ्यापावतर तिच्या पुढं पळत गेले, नि तिला मी गावले नाय. माझ्या लग्नाच्या आधी मी अशी पळायची. तुमाला म्हाईत नाय, तुमी कधी विचारलं नाय. भुवनेश्वरची गाडी कल्याणला थांबते, पण जरा वेळच थांबते. अडवायला येत असाल तर पळत यावं लागंल. पोचवायला येत असाल तर आधीच येऊन बसा.