रूसची स्वारी आणि लोणच्याची बरणी

ठाणे, टेंभी नाक्याजवळ
फाल्गुन वद्य तृतीया, शके १८०६

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांचे चरणी ठाणेकर मेहुण्याचा दंडवत. आपली प्रकृती, वहिनीसाहेबांची कंबर व कल्याणची हवा ठीक असावी. आपली भगिनी गोदा शिमग्याच्या दिवशीच आपल्याकडे पोचली असेल, व मी तिला रूसच्या तोंडी देऊन पळालो, असे तिने सांगितलेही असेल. त्यातले 'पळालो' एवढेच खरे.

रूस येणार असे वर्तमानपत्रांत छापून आल्यापासून आमच्या मंडळींनी देशसंरक्षणाची कमिटी काढली आहे. (मी चिटणीस, अक्षर बरे म्हणून.) पुढली पन्नास वर्षे रूस, फ्रेंच व जे कोणी शत्रू अजून जन्मायचे असतील त्यांपासून हिंदुस्थान कसा राखावा, याचा मसुदा चालू आहे. रूस कोणत्या दिशेला, यातच दोन बैठका गेल्या. अध्यक्ष आबासाहेब भिवंडीकडे बोट दाखवीत, मी खाडीकडे. अखेर तो दोन्हीकडून येईल असे ठरून पानसुपारी झाली. ठराव असा की, गलबते दिसताच कोलशेतच्या पंढरी कोळ्याने बांधावर जाळ करावा. तो दिसताच बायकामुले आधी कल्याणास लावून द्यावी, कमिटीने सर्वांत शेवटी निघावे.

चतुर्दशीला दिवेलागणीस माडीवरून पाहतो तो कोलशेतला जाळ! हाती लागले ते उचलून मी गाडी गाठली. आबासाहेब तीत आधीच बसले होते. कळव्याच्या पुलापलीकडे श्वास घेतला तेव्हा माझ्या मांडीवर कैरीच्या लोणच्याची बरणी होती आणि गोदा नव्हती.

सकाळी परतलो तर पंढरी ओसरीवर शिमग्याचे पोस्त मागायला हजर. कोळ्यांची होळी आपल्या होळीच्या आदल्या दिवशी पेटते, हे कमिटीत एकालाही ठाऊक नव्हते. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "बापजाद्यांपासून चालत आलंय, रावसाहेब. आता रूसला इचारून शिमगा करायचा काय?"

गोदा हसली नाही. "माहेरून दोघी आलो, मी नि ही बरणी. अहो, वेळेला तुम्हांला बरणी आठवली. आता तिच्याशीच संसार करा," म्हणाली, आणि गाठोडे घेऊन स्टेशनाकडे निघाली. भाऊसाहेब, मी अजून गोंधळात आहे. शत्रू आलाच नाही, मग घर गेले कसे?

कमिटीने काल ठरविले की माघार यशस्वी झाली. तसे मी लिहून काढले. (अक्षर चांगले आले.)

आपला कृपाभिलाषी,
विसाजी

ता. क. गोदेची समजूत घालून तिला पाठवावे. 'पुरुषांनी बायकोचा हात धरूनच पळावे' अशी दुरुस्ती मी मांडली. ती नामंजूर झाली. घरापुरती लागू केली आहे.

आणखी ता. क. कोठीची किल्ली तिच्या कमरेला राहिली आहे, आणि बरणीतले लोणचे तळाला गेले. हे तिला ती आगगाडीत बसल्यावरच सांगावे.