परत यायचा सीन

माय, तू जाऊन नऊ वर्षं झाली, आन् या चार महिन्यांत तू मला रोज दिसत होतीस. ठाण्याकडं एका मालिकेच्या सेटवर मी सुतारकाम करतो. मालिका आपल्या भूमकडची, खव्याच्या भट्टीवर राबणाऱ्या बाईची. पहिल्याच दिवशी तिचं काम करणाऱ्या मॅडम कढईतलं दूध भाजी परतल्यागत हलवत होत्या. मला राहवंना. म्हणलं, "मॅडम, अशानं खवा न्हाय, कोळसा व्हईल. तळापासून खरवडत फिरवा." सगळे हसले. लेखक सरांनी मात्र मला बाजूला बसवून घेतलं. मग मी तुझं सांगत गेलो, ते लिहीत गेले.

आठवीत शाळा सोडली त्या दिवशीचं बी सांगितलं. तू भट्टीपुढं घामानं निथळतीयस, हातात उलथनं, आन् माझ्याकडं न बघताच म्हणतीयस, "जा. कुठं जायचं तिकडं जा. पण माघारी येऊन मला तोंड दाखवू नगंस." ते तसंच्या तसं मालिकेत आलं.

मी तोंड दाखवलंच न्हाय. आलो ते तुझ्या मातीला. पण मालिकेतला पोरगा माघारी येणार होता. सर रोज विचारायचे, "सांग की रे, पोराला दारात बघून ती काय म्हणेल?" मी म्हणायचो, उद्या सांगतो.

सोमवारी तो सीन होता. शनिवारी चॅनेलचा फोन आला, मालिका बंद. लोक बघत न्हाईत म्हणे. आत्ता कुठं बघायला लागली होती की! येरमाळ्याहून मामीचा फोन आला होता, "आरं, ही बाई तर आमच्या वन्संसारखीच बोलती!" दूध आटायला बी येळ लागतो, यांना तेवढा बी दम न्हाय. लाईटवाला दादा म्हणाला, "चल गड्या, भट्टी उखड. इथं आता राजवाडा पायजे त्यांना." मीच उभी केलेली, मीच उखडली.

तवापासून जीव एका जागी ठरत न्हाय. राजवाड्याच्या खांबाला खिळा मारतो, तरी मनात मी दारात उभा असतो. तू वळून बघतीयस. कधी वाटतं, जेवलास का म्हणशील. कधी वाटतं, उलथनं फेकून मारशील. पुढं काय व्हतंय ते दिसतच न्हाय.

एक कुणाला बोललो न्हाय. फोन आला तवा समद्यांनी चॅनेलला शिव्या घातल्या, माझ्या सगळ्यात मोठ्या होत्या. पण त्याच्या आधी, घडीभर, मला सुटल्यागत झालं होतं. सोमवारी सरांना काय सांगायचं, ते मला ठाऊकच नव्हतं.