पिल्लं उडेपर्यंत

लाटंबार्से,
१८ मार्च २०२४

चि. गौरेश,
आईचे आशीर्वाद. सेजलची कंबर आता कशी आहे? तिला वाकून कामं करू देऊ नकोस. माझं इथे ठीक चाललंय. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो, त्याच्याकडून एक उंडो घेते, तो रात्रीपर्यंत पुरतो. फोनवर तू घाईत असतोस आणि मी "जेवलास?"च्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मळ्याकडच्या सावरीवर टकल्या करकोच्यांनी घरटं केलं होतं, ते तुला सांगितलं होतं. पक्षी केवढा, तर उभा राहिला की तुझ्या लेकीच्या, तनयाच्या खांद्याला लागेल. अंड्यांवर दोघं पाळीपाळीने बसली. सावरीची पानं गळून ऊन चढलं, तेव्हा एक जण पंख पसरून पिल्लांवर सावली धरायचा. दुसरा तळीतले मासे, बेडूक गिळून आणायचा आणि घरट्यात ओकायचा. दिसायला ओंगळ, पण संसार नेटका. त्यांच्या गळ्याला आवाज नाही. जोडीदार परतला की नुसत्या चोची वाजवतात, खटखट खटखट. तेवढा आवाज मला दिवसभर पुरायचा.

आता देवाच्या कौलाचं. तू म्हणालास, घर बंद करून मुरगावला ये. मी म्हटलं, देवाला विचारते, आणि मग कळवलं की देव राहा म्हणतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मी विचारलं होतं, "देवा, पिल्लां उडान जायसर हयसर रवू?" पिल्लं उडेपर्यंत राहू का, एवढंच. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. पुजारी यशवंत हसला. म्हणाला, "वयनी, देवाकडेय वकिली केलीस."

तू ऐकलंस आणि परत कधी विचारलं नाहीस. देवाचा शब्द मानणारा मुलगा मीच वाढवला, आता तक्रार कोणाकडे करू?

गेल्या आठवड्यात दुसरं पिल्लूही उडालं. म्हातारी दोघं एक-दोनदा येऊन बसली, मग तीही दिसेनाशी झाली. मी अजून अंगणात जाऊन वर बघते. फार एकटं वाटतं रे. तुझे बाबा गेले तेव्हा घरात माणसं तरी होती.

देवाची मुदत संपली. पण बोलावल्याशिवाय पेटी घेऊन तुझ्या दारात उभी राहणार नाही, एवढा मान मला राहू दे. फोन कर. जेवलीस का ते विचारू नकोस. ये म्हण.

या खेपेला देवाला न विचारणारी,
तुझी आई
विनोदिनी