नातीच्या कांतीचा उपक्रम

जळगाव, १ डिसेंबर, पहाटे ५
घननीळ श्रीकृष्णाच्या कृपाछायेत ही नोंद करीत आहे. मेघासारख्या सावळ्या त्या चरणी पन्नास वर्षे मस्तक ठेवले. तेव्हा रंगाचा भेद मला मुळीच नाही, हे प्रथम नमूद करतो.
विषय असा, की नात पुनम, वय दीड वर्ष, सावळी आहे. काल धुळ्याहून धाकटी बहीण कुंदा आली. म्हणाली, "भाऊ, नात ते बठ्ठी मायवरच गई!" म्हणजे सगळी आईवर गेली. सून मेघा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज वाढला. मी दुर्लक्ष केले.
तीस जानेवारीस कुंदाच्या मुलाचे लग्न. सर्व गोत जमेल. मला काही नाही; लोकांचा विचार करावा लागतो.
संकल्प: नातीची कांती उजळवणे. साधन: गाजराचा रस, रोज दोन वाट्या. वेळ: मुलगा ललित व मेघा कामावर गेल्यानंतर. सत्कर्म गुप्तच असावे.

२ डिसेंबर
मिक्सर चालवता आला. पुनमने दोन्ही वाट्या संपवल्या. उरलेली एक मी घेतली. अन्न टाकणे पाप. चोथा शेजारच्या बकरीस.

१२ डिसेंबर
फरक नाही. फळाची आशा धरू नये, असे तीस वर्षे वर्गात शिकवले. तरी तिला खिडकीशी नेऊन पाहिले. तीनदा.

२९ डिसेंबर
सिद्धी! नाकाचा शेंडा, तळहात, तळपाय: साक्षात सुवर्णकांती.
मेघा म्हणाली, "आबा, ही पिवळी दिसतेय हो." म्हणालो, "थंडीतले ऊन कोवळे असते." सत्य सांगावेसे वाटले; परंतु सिद्धी बोलून दाखवली की ओसरते. मात्रा तीन वाट्या केली.

३ जानेवारी
घरात 'कावीळ' हा शब्द आला. ललित म्हणाला, "असोद्याला काविळीची माळ देतात, आणू का?" मेघा म्हणाली, "माळ तू घाल. मी डॉक्टरकडे चालले." दोन दिवस ती धड जेवलेली नाही. सारखी पोरीचे डोळे पाहते.
रक्त काढले. पुनमची किंकाळी बाहेरपर्यंत आली. सर्व सांगणारच होतो. परंतु आज माझे मौन होते. ते दवाखान्याच्या दारातच धरले.

६ जानेवारी
बिलिरुबिन नॉर्मल, म्हणजे कावीळ नाही. डोळे पांढरे. डॉक्टर अरिबा यांनी विचारले, "गाजर, पपई, लाल भोपळा फार खाते का?"
मेघा म्हणाली, "गाजर तर मी आणतच नाही."
मी असत्य बोललो नाही. मला कोणी विचारलेच नाही.
"मग उद्या पुन्हा रक्त घेऊ, सोनोग्राफीही करू," डॉक्टर म्हणाल्या. मेघाने ओढणी तोंडाशी धरली.
संकल्प: उद्या सर्व सांगणे, समर्पक दृष्टांतासह. रस आजपासून बंद.

७ जानेवारी, सकाळी ९
दृष्टांत तयार. रिक्षात सांगणार होतो. रिक्षाचा आवाज फार.

दुपारी १
सुई बाहेर काढली होती. नर्स म्हणाल्या, "आजोबा, हात घट्ट धरा तिचा." धरला. डॉक्टर आमच्या दोन हातांकडे पाहतच राहिल्या.
"आबा, तळहात दाखवा तुमचा."
तो पिवळा होता. मी त्यास तपाचे तेज समजत होतो.
"किती गाजरं?"
"रसाच्या तीन वाट्या तिला. एक मला."
सुई परत ठेवली गेली. मेघाने विचारले, "का दिलंत, आबा?" दृष्टांत आठवेना. म्हणालो, "उजळावी म्हणून."
तिने पोरीचा हात माझ्या हातातून सोडवून घेतला. डॉक्टर म्हणाल्या, धोका नाही. दोन-तीन महिन्यांत पिवळेपणा जाईल.
"मग तिचा रंग परत येईल ना?" मेघाने विचारले. "तोच? माझ्यासारखा?"
"अगदी तोच."
मेघा पोरीला छातीशी धरून रडली. त्या रंगाची अशी वाट पाहणारे माणूस मी प्रथमच पाहिले.

८ जानेवारी
मिक्सर कुलूपबंद झाला. घरात कुलपाचे कपाट एकच, माझ्या पोथ्यांचे. पोथ्या माळ्यावर गेल्या. किल्ली मेघाच्या कमरेला.
दुपारी तिने चहा आणून ठेवला. साखर बरोबर होती. त्यानेच अधिक लाज वाटली.
ही वही कोणासाठी नाही. तरीही चुकून जो वाचील, त्याचे कल्याण असो. त्याच्या घरी लेकरू ज्या रंगाने आले, त्याच रंगात सुखाने वाढो.