वजा कपडे, वजा मोबाईल

१२ नोव्हेंबर
सांगलीहून आत्ताच फलटणला पोचलो. धाकट्या भावाला, शंभूराजला, किडनी मीच देणार. टेस्ट जुळल्या. अडचण एकच, माझं वजन १०४. डॉक्टर म्हणाले, वीस जानेवारीला ९० होऊन या. तोवर शंभू डायलिसिसवर. चौदा किलो म्हणजे काय मोठंसं? साखर कारखान्याच्या काट्यावर बारा वर्षं उसाच्या गाड्या मोजतोय. वजन मला कळतं.

१५ नोव्हेंबर, सकाळी ७
जिमवाल्या तानाजीकडून भूक मारणारी पावडर आणली. डब्यावर लिहिलंय, प्रत्येक जेवणाआधी एक चमचा. दोन जेवणं म्हणजे दोनच चमचे. स्पीड कमी पडणार. आजपासून जेवणं पाच.

२ डिसेंबर
घरच्या काट्यावर १०५. पण उसाच्या वजनातून आपण मोळ्यांच्या बांधणीची वजावट करतोच की. स्वेटर-पँट दोन किलो, मोबाईल-किल्ल्या अर्धा, पोटातलं पाणी दीड. निव्वळ १०१! बायको रेश्मा म्हणाली, "आवं, सांगलीच्या डॉक्टरला बी ही वजावट दावणार हाय काय?" तिला टेक्निकल कळत नाही.

१९ डिसेंबर
शंभूचा फोन. आवाज पार खोल गेलाय. म्हणाला, "दादा, झेपंल तेवढंच कर. घाई न्हाई." घाई कशी नाही? आठवड्यातून तीनदा त्याच्या हातात सुया जातात. फोन ठेवल्यावर रडलो. रडल्यावर लय भूक लागते. दर वेळी चमचे दोन केले.

४ जानेवारी
काल औंधला यमाईच्या यात्रेला. नानासो मामांकडे पुरणपोळी. आई एक खाऊन उठली. मी पाच. प्रसादाचं वजन धरत नाहीत.
झोप नीट येत नाही. सोळा दिवस उरले.

२० जानेवारी, सांगली, दुपारी १
डॉक्टरांचा काटा १०८ दाखवतो. वजावट समजावून सांगितली. नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. मी पिशवीतून काढलेला पावडरीचा डबा त्यांनी फिरवून फिरवून वाचला, किती दिवस घेतली विचारलं. रक्त पुन्हा घेतलंय.

संध्याकाळी ६
रिपोर्ट आला. माझ्याच किडनीवर ताण आलाय. डॉक्टरांचा संशय पावडरीवर. मी बाद.
बाहेर बाकावर आई बसलेली. वय साठ. तिनं डिसेंबरातच मला न सांगता सगळ्या टेस्ट करून घेतल्या होत्या. जुळल्यात. म्हणाली, "जोत्या, रडू नगं. तुला मी वळखून हाय, म्हणून आदीच रगात दिऊन ठिवलं."
तिला काट्यावर उभं केलं तेव्हा मी शेजारीच होतो. शेहेचाळीस किलो. साडी, शाल, चपला धरून.
मी काहीच वजा केलं नाही.