न लागणारं दार

४ फेब्रुवारी, बुधवार

अर्धा तास जमिनीवर मांडी घालून बसलो, पाठीचा काटा ढिला झाला, आणि लेक माझ्याशी एक अक्षर बोलली नाही!

खेळबाईंचा हुकूम — बुधवार आणि रविवार, पाच ते साडेपाच, फोन बंद, फक्त बाप आणि लेक. खेळातून मुलांच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, हे त्यांचं काम. मी सात महिने बाहेरगावी लिफ्ट बसवायला गेलो, तेव्हापासून टिल्ली शाळेत मुलांना चावते, अंथरूण ओलं करते. सहा वर्षांची घोडी! मी परत येऊन महिना झाला, तरी मला पाहिलं की आईच्या मागे दडते. म्हणून हे खेळप्रकरण.

नियम असे. प्रश्न विचारायचा नाही. शिकवायचं नाही. ‘छान’सुद्धा म्हणायचं नाही. ती जे करते ते फक्त बोलून दाखवायचं. तू बाहुलीचा पलंग उचललास, तू पलंग ठेवलास. यापेक्षा क्रिकेटची कॉमेंट्री बरी, तिथे निदान विकेट तरी पडते.

८ फेब्रुवारी, रविवार

तेच. मीच कधीतरी बनवून दिलेलं प्लायवूडचं बाहुलीघर. आई-बाहुली स्वयंपाक करते, मुलगी-बाहुली जेवते. टोपीवाला बाबा-बाहुला मात्र स्टुलाखाली, घरापासून हातभर लांब. दर वेळी! “तू बाबाला स्टुलाखाली ठेवलंस,” म्हणालो, नियमाप्रमाणे. हात त्याला उचलायला पुढे गेला, तो मांडीखाली दाबून बसलो.

११ फेब्रुवारी, बुधवार

नुसता बसलो. शून्य.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज घोळ घातला.

बाहुलीघराचं दार एकाच बिजागरीवर लोंबतंय, हे पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होतं. दिवसभर मी लोकांच्या लिफ्टची न लागणारी दारं लावत फिरतो, आणि माझ्याच घरात हे असलं! सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा दुसरी बिजागरी बसवली, नवे स्क्रू मारले, तेल दिलं. बोटाने ढकललं की टक्क करून लागत होतं. वाटलं, पोरगी खूश होईल.

पाच वाजता तिने ते पाहिलं आणि अशी किंचाळली की शेजारच्या काकू धावत आल्या. दोन्ही हातांनी ओढून ओढून दार पुन्हा मोडलं. बोटातून रक्त आलं तरी सोडेना. मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन चोरासारखा उभा.

बायको नंतर म्हणाली, “ते तिनेच मोडलंय. तू गेलास त्या संध्याकाळी, उलथन्याने.” आधी का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणे तू कधी विचारलंस? वा! मोडायचं लेकीने, आणि दुरुस्त केलं की गुन्हेगार मी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

खेळ नाही, आज खेळबाईंकडेच गेलो. एवढीशी खोली, वाळूची पेटी, बुटक्या खुर्च्या. बसलो तर गुडघे कानाला लागले. सगळं सांगितलं. वाटलं, त्या तिला समजावतील. उलट मलाच म्हणाल्या, “तिला ते दार तसंच का हवंय, ते आपल्याला अजून माहीत नाही. तुम्ही बसत राहा.” अहो, बसूनच तर आहे! बसून बसून लाकूड झालंय माझं.

तिकडे साहेब मागे लागलेत. पुन्हा बाहेरगाव, आठ महिने, दोन नव्या इमारती. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांग म्हणाले. बायकोला विचारलं. तिचं म्हणणं, तुझं तू ठरव, पण या वेळी लेकीला तूच सांगायचंस. मागच्या वेळी ती शाळेत असताना निघालो होतो. रडारड नको म्हणून.

२२ फेब्रुवारी, रविवार

दार लोंबतंय. टोपीवाला स्टुलाखाली. आज कॉमेंट्रीही केली नाही. राग आला होता — तिचा, खेळबाईंचा, स्वतःचा. लिफ्ट बंद पडली तर कुठली वायर गेली ते मला कळतं. इथे काय गेलंय तेच समजत नाही. जिला मी असलो काय नि नसलो काय सारखंच, तिच्यासाठी इथे थांबून करू काय?

२३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना हो म्हणालो. एक तारखेला निघायचं. घरी अजून सांगितलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दहा मिनिटं काहीच नाही. मग तिने स्टुलाखालून टोपीवाल्याला उचललं, त्या लोंबत्या दारातून आत नेलं, मुलगी-बाहुलीशेजारी निजवलं. तू बाबाला उचललंस, तू बाबाला आत नेलंस — मी नियमाप्रमाणे सांगत गेलो.

माझ्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर तिनेच काढून माझ्या हातात दिला.

“बाबा आला घरी. आता दार लागलं तरी चालेल.”

दोन्ही बिजागऱ्या बसवल्या. साहेबांना सोमवारी हो म्हणून बसलोय. उद्या आठला, साहेबांची केबिन उघडायच्या आधीच, ते ‘हो’ परत घ्यायला तिथे हजर असेन.