कोपराखालचा हात

१४ मार्च

ती. दादास नमस्कार.

आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. वहिनीने पाठवलेली शाल पोचली, तिला सांग. घरचं एवढंच. तुझे फोन मी उचलत नाही, कारण बोलण्यात तू मला गुंडाळतोस. म्हणून पत्र.

सोमवारपासून मी आपल्या पुनर्वसन केंद्रात येत नाही, तर तू सगळ्यांना ‘तिला बरं नाही’ म्हणून सांगितलंस. मी ठणठणीत आहे. मला किळस आली आहे.

ते निळे-पिवळे प्लॅस्टिकचे शंकू आता नजरेसमोरही नकोत. मेंदूत रक्तस्राव होऊन शिंपीकाकांचा उजवा हात लुळा पडला. आठ महिने रोज तासभर ते शंकूवर शंकू रचत होते. चाळीस रचले की आपण टाळ्या वाजवायचो. आणि शर्टाची बटणं? ती घरी काकू लावायच्या. मी तुला तीनदा म्हटलं, यांचा मेंदू फक्त शंकू रचायला शिकतोय. बटण यायला बटणच लावायला हवं, कप धरायला कपच. सांडू दे, चुकू दे. आपण हात मागे घ्यावा, तोंडही जरा मिटावं, म्हणजे काय चुकलं ते त्यांचं त्यांना कळेल. तू म्हणालास, “सांडलेलं पाणी नातेवाइकांना दाखवू का? ते सुधारणा बघायला येतात.”

हे तुला कळत नव्हतं असं नाही. माझ्या चार वर्षं आधी तू हेच शिकलास. म्हणून तर जास्त शिसारी येते.

आता तो व्हिडिओ. काका किटलीतून कपात पाणी ओततात, थेंबही सांडत नाही. मी शेजारी हसत उभी. खाली तू गोड संगीत घातलंस. पुढचं वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले. काकांच्या कोपराखाली माझा हात होता. किटलीचं वजन मी पेललं होतं. तू सांगितलंस आणि नंतर चौकटीतून तो हात कापलासही तूच. पण हात माझा होता, दादा.

काकूंनी तो व्हिडिओ साऱ्या नातेवाइकांना पाठवला. रविवारी दुपारी मोठ्या कौतुकाने त्यांनी काकांच्या हाती उकळत्या पाण्याची किटली दिली. मांडी भाजली. वीतभर कातडी गेली.

मंगळवारी मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. काकू मग म्हणाल्या, “म्हणजे यांना येतच नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि मी यांना बोलले गं! म्हटलं, तिथे नीट करता आणि घरी मुद्दाम सांडता. भाजलेल्या माणसाला बोलले.”

मला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

काका पलंगावरून ऐकत होते. त्यांना शब्द उशिरा सापडतात. बऱ्याच वेळाने म्हणाले, “शर्ट.”

काकूंनी शर्ट अंगात घातला आणि सवयीने बटणाकडे हात नेला. मी तो धरला. वीस मिनिटं आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो. काकांची बोटं घसरत होती, घाम फुटला होता. एक बटण लागलं, तेही चुकीच्या काजात. मी ओठ चावले. त्यांनी खाली पाहिलं, आयुष्यभर शर्ट शिवलेला माणूस तो, चरफडले, ते काढलं आणि पुन्हा सुरुवात केली.

निघताना काकू म्हणाल्या, “रोज ये. माफ केलं म्हणून नाही, यांना गरज आहे म्हणून.”

मी जाते आहे. व्हिडिओचं न कापलेलं चित्रण माझ्याकडे होतं, ते मी काकूंना दिलं. कुणाला दाखवायचं ते त्या ठरवतील. त्यात माझा चेहरा स्पष्ट दिसतो, तुझा आवाज स्पष्ट ऐकू येतो: “कोपर धर, कॅमेऱ्यात येत नाही.”

तुझी धाकटी बहीण,
हे नातं मला खोडता येत नाही म्हणून